आधी पाणी, मग साबण

आरोग्याचा इतिहास आपल्याकडं डॉक्टरांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या साहेबानं लस काढली, कोणत्या शेठनं दवाखाना बांधला, कोनशिलेवर नाव कोणाचं. त्या पुस्तकांत आपणही असतो. पण कसे? रोगी म्हणून. मेलेल्यांच्या आकड्यात. नाहीतर 'गलिच्छ वस्ती' या दोन शब्दांत. ज्यांच्या बापजाद्यांनी गावाची मेलेली ढोरं ओढून नेली, ज्यांच्या आयाबायांनी शहराचे संडास डोक्यावर वाहिले, त्यांच्या जिवावर गाव निरोगी राहिलं. आणि नोंद मात्र त्यांचीच घाणीच्या खात्यात झाली. हा हिशेब एकदा आपल्या बाजूनं मांडून बघायला पाहिजे.

मी पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात रोलिंग मिलमध्ये पाळीवर जातो. इतिहास कॉलेजात शिकलो नाही, वाचनालयाच्या पुस्तकांतून जमेल तसा वाचला. त्यामुळं भाषा पंडिती नाही. पण जे लिहितो ते तारखेनिशी लिहितो.

आमच्या गेटाच्या आत एक फलक आहे. 'हात स्वच्छ धुवा, रोग टाळा.' फलकाखाली नळ आहे. दुसऱ्या पाळीला त्या नळाला पाणी नसतं. फलक रंगवायला पैसे निघाले, पाइप टाकायला निघाले नाहीत. सरकारी भाषेत याला आरोग्य शिक्षण म्हणतात. म्हणजे रोग झाला तर दोष हात न धुणाऱ्याचा, पाणी न देणाऱ्याचा नाही. आपल्या लोकांना हा डाव नवा नाही. शिवायचं नाही म्हणून पाणवठा बंद, आणि आंघोळ करत नाही म्हणून शिवायचं नाही. दोन्ही बाजूंनी दार लावून घ्यायचं आणि वर विचारायचं, आत का येत नाही?

२१ नोव्हेंबर १९८६ ला कॅनडातल्या ओटावा शहरात जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेनं एक जाहीरनामा काढला. त्यात म्हटलंय की आरोग्य दवाखान्यात तयार होत नाही. त्याला आधी शांतता लागते, घर लागतं, शिक्षण, अन्न, उत्पन्न लागतं, सामाजिक न्याय आणि समता लागते. मग त्यांनी पाच कामं सांगितली. आरोग्याला पोषक धोरण करा. माणूस जिथं राहतो-राबतो ती जागा नीट करा. लोकांची सामूहिक ताकद वाढवा. माणसाला ज्ञान आणि सवयी द्या. आणि दवाखान्यांचं तोंड रोगाकडून आरोग्याकडं वळवा.

चांगला कागद आहे. जगभरच्या विद्यापीठांत शिकवतात. पण या पाचही गोष्टी आपल्या लोकांनी, आपल्या मातीत, ओटावाच्या कितीतरी आधी करून दाखवल्यात. त्याला कोणी आरोग्याचा इतिहास म्हटलं नाही. त्याला 'चळवळ' म्हटलं आणि वेगळ्या कपाटात ठेवलं.

१

सुरुवात प्लेगपासून करू, कारण त्याचे धागे आपल्या चिंचवडपर्यंत येतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. थोड्याच महिन्यांत तो पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारनं साथीच्या रोगांचा कायदा केला. मार्चमध्ये पुण्याला रँड साहेबाच्या हाताखाली प्लेग कमिटी बसली. गोरे सोल्जर घराघरात शिरले. बायामाणसांना रस्त्यावर उभं करून तपासलं. सामान जाळलं. माणसं उचलून छावणीत नेली. रोगी शोधायचा हेतू खरा असेलही. पण लोक रोगापेक्षा सोल्जरला जास्त भ्यायले. घरात गाठ आलेला माणूस असला की त्याला लपवू लागले. लपवलेली साथ जास्त पसरते. जबरदस्तीनं आरोग्य आणता येत नाही, हा धडा पुण्यानं १८९७ लाच घालून दिला.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गोळी घातली. घालणारे चाफेकर बंधू चिंचवडचे. तिन्ही भाऊ फासावर गेले. चिंचवडला त्यांच्या नावाचा चौक आहे. त्यांच्या मरणाला मी कमी लेखत नाही. पण एवढं बोललं पाहिजे की त्या संतापात बायांच्या अब्रूचा संताप होता, तसाच देवघर आणि स्वयंपाकघर बाटल्याचाही होता. आमच्या सावलीनं बाटणारी घरं ती. आणि पिस्तुलानं साहेब मरतो, प्लेग मरत नाही. प्लेग त्यानंतर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येत राहिला.

त्याच साथीत, त्याच पुण्यात दुसरं एक उत्तर दिलं गेलं. सावित्रीबाई फुले तेव्हा साठीच्या पुढं होत्या. जोतीराव जाऊन सहा वर्षं झाली होती. दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झाला होता. त्याला बोलावून घेऊन सावित्रीबाईंनी गावाबाहेर, हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढायला लावला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या पोराला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा त्याला स्वतःच्या पाठीवर घालून त्यांनी दवाखान्यात आणलं, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. त्यांनाच प्लेग लागला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. एकीकडं बंदूक घेऊन घरात शिरलेलं सरकार. दुसरीकडं महारवाड्यातल्या पोराला पाठीवर घेतलेली म्हातारी बाई. छावणीही गावाबाहेर आणि यशवंतचा दवाखानाही गावाबाहेरच. रोगी वेगळा ठेवणं दोन्हीकडं होतं. फरक एवढाच की एकीकडं माणसाला धरून नेलं, दुसरीकडं उचलून आणलं. सार्वजनिक आरोग्याचं सगळं तत्त्व या दोन क्रियापदांत आहे. आणि शिवणं हेच ज्या समाजात पाप होतं तिथं पाठीवर घेणं म्हणजे औषधाच्या आधीचं औषध होतं.

१८९७ चा तो कायदा मेला नाही. मार्च २०२० मध्ये करोना आला, तेव्हा महाराष्ट्र सरकारनं तोच कायदा बाहेर काढला. त्या महिन्यात घरात बसा म्हणून हुकूम निघाला. चाकण, भोसरीच्या खोल्यांत दहा बाय दहात पाच-सहा जण राहणाऱ्या पोरांना अंतर ठेवा म्हणून सांगितलं. ठेकेदारानं फोन बंद केला, खानावळ बंद झाली, मालकानं भाडं मागितलं. पोरं चालत निघाली. सव्वाशे वर्षांत पत्रा लावायचा, रस्ता अडवायचा, दंडुका घ्यायचा, हे सरकारला पाठ झालं होतं. पाठीवर घ्यायचं मात्र पुन्हा लोकांनीच केलं. वस्तीवस्तीत पोरांनी वर्गणी काढून शिधा वाटला.

२

आता पाणी.

१८५४ साली लंडनला कॉलरा आला. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं घरोघर हिंडून मेलेल्यांची यादी केली आणि दाखवून दिलं की एका ठरावीक हापशाचं पाणी पिणारे मरतायत. त्यानं हापशाचा दांडा काढायला लावला. जगातला प्रत्येक आरोग्याचा विद्यार्थी ही गोष्ट शिकतो. पुढं १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखनं कॉलऱ्याचा जंतू कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात सापडल्याचं दाखवलं. म्हणजे चांगलं पाणी हे आरोग्याचं मूळ, हे विज्ञानानं पक्कं केलं.

पण विज्ञानाच्या त्या पुस्तकात एक प्रश्न नव्हता. पाणी चांगलं आहे, पण त्याला हात लावायचाच नसेल तर? जंतू जात बघत नाही. पाण्याकडं जाणारी वाट मात्र जात बघते. तुमच्या-माझ्या आज्या आडाच्या काठावर घागर घेऊन तासन् तास कोणी वरून वाढेल म्हणून बसल्या. कोणी वाढलं नाही तर डबक्याचं, ओढ्याचं, जनावराचं पाणी घेऊन घरी आल्या. त्या पाण्यानं मेलेल्या पोरांची यादी कुठल्या डॉक्टरनं केली? ती यादी झाली असती तर त्यात रोगाचं नाव हगवण लिहिलं असतं. खरं नाव अस्पृश्यता होतं.

ही गोष्ट जोतीरावांना कळली होती. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. एका घराचा हौद. पण तत्त्व तेच.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. ओटावाच्या भाषेत हे 'धोरण'. महाडच्या नगरपालिकेनंही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं उघडं झालं. पण ओंजळ भरायची कोणाची छाती झाली नाही. धोरण आणि तहान यांच्यामध्ये गाव उभं होतं.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मागून लोकही प्याले. परतल्यावर मंडपात मारहाण झाली. मग भटांनी तळं शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून 'शुद्ध' केलं. आरोग्याच्या दृष्टीनं हे वाक्य पुन्हा वाचा. पिण्याच्या पाण्यात शेण आणि मूत ओतलं, आणि त्याला शुद्धी म्हटलं. पुढं कोर्टबाजी झाली. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. एका ओंजळीला दहा वर्षं लागली.

बाबासाहेबांनी तिथं स्पष्ट केलं होतं की या तळ्याचं पाणी प्यालो नाही म्हणून काही आपण मरत नव्हतो. मुद्दा माणूस म्हणून समान असण्याचा होता. हे बरोबरच. पण त्याच परिषदेत आणखी एक गोष्ट झाली ती आपण विसरतो. मेलेल्या जनावराचं मांस खायचं सोडा, उष्टं मागायचं सोडा, असं तिथं लोकांना सांगितलं गेलं. म्हणजे सवयी बदलायचा उपदेश होताच. पण तो कोणी केला आणि कधी केला? ज्यानं पाण्यासाठी मार खायची तयारी ठेवली त्यानं केला, आणि हक्काच्या बरोबरीनं केला. म्हणून लोकांनी तो ऐकला. गावंच्या गावं मुडद्या मांसाला शिवेनाशी झाली. कुठल्या आरोग्य खात्याच्या फलकाला असं यश आलंय?

३

गिरणीतल्या माणसाला आरोग्य म्हणजे काय? माझ्या मते आधी झोप. मग सुट्टी. मग पगार. औषध त्यानंतर.

नारायण मेघाजी लोखंडे. मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. सत्यशोधक माणूस. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या. आठवड्याला एक सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. काम पहाटे साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला बंद करा. पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. सहा वर्षं लढून १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. आज ज्याला कोणाला रविवारी मटण आणता येतं त्यानं हे नाव लक्षात ठेवावं. आणि हे लोखंडे गेले कसे? त्याच प्लेगात, ९ फेब्रुवारी १८९७ ला, लोकांची सेवा करताना. सावित्रीबाईंच्या आधी एक महिना. सत्यशोधकांचे दोन मोठे माणूस एका साथीनं नेले.

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा काही भार सरकारनंही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. बाळ जगवायचं असेल तर आईला 'सकस आहार घ्या' म्हणून सांगून भागत नाही, तिला पगारी घरी बसवावं लागतं. एवढी साधी गोष्ट.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास करायला प्रा. अडारकर यांना नेमलं गेलं. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला. आपण ज्याला 'ईएसआय' म्हणतो तो. १९४६ मध्ये कारखान्यातलं काम आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर आलं. खिशातल्या ईएसआयच्या कार्डाची वंशावळ ही अशी आहे. मालकाच्या दयेतून ते आलेलं नाही.

आणि आता बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातली कामाची रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. एकीकडं आठवड्यातून एकदा योगासनं, रक्तदाब तपासणी शिबिर. दुसरीकडं बारा तास. ज्या लोखंड्यांनी सूर्यास्ताला काम बंद मागितलं त्यांना आपण काय सांगणार?

४

आमच्या पिंपरीचं नाव जगाच्या आरोग्याच्या इतिहासात आहे, हे इथं राहणाऱ्यालाही फारसं माहीत नसतं. बसमध्ये कंडक्टर 'एच.ए.' म्हणून ओरडतो, आपण उतरतो.

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९५५ ला पेनिसिलीन निघायला लागलं. देशातला हा पहिला सरकारी औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. यामागं एक माणूस होता, साहिब सिंग सोखी. ते मुंबईच्या हाफकिन संस्थेचे प्रमुख होते, नंतर जागतिक आरोग्य संघटनेत गेले. हाफकिन म्हणजे तेच, ज्यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. प्लेगपासून निघालेली ही वाट अशी पिंपरीच्या माळावर आली.

सोखींचं म्हणणं होतं की जीव वाचवणारं औषध परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर ठेवता येणार नाही. पेनिसिलीन तेव्हा सोन्यासारखं होतं. न्यूमोनियाचं पोर, बाळंतरोगाची बाई, पू झालेली जखम, सगळ्यांवर तेच. यॉज नावाचा कातडी आणि हाडं सडवणारा एक रोग आदिवासी मुलखात होता. रस्ता नसलेल्या पाड्यांवर हिंडून तो शोधायचा आणि पेनिसिलीनची एक सुई टोचायची. शेवटी तो रोग देशातून गेला. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तसा दाखला दिला. १९६१ मध्ये पिंपरीच्या या कारखान्यातल्या शास्त्रज्ञांनी बुरशीवरचं नवं औषध शोधलं. त्याला कारखान्याच्या नावावरून हॅमायसिन म्हणतात.

मग काय झालं? १९९० नंतर बाजार उघडला. बाहेरचं स्वस्त पेनिसिलीन आलं. १९९७ मध्ये कारखान्याची आजारी उद्योगांत नोंद झाली. रोग बरे करणारा कारखाना आजारी. कामगारांचे पगार महिनोन् महिने थकले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारनं त्याची जादा जमीन विकायला आणि कारखानाही विकायला काढायचं ठरवलं. २०२० च्या साथीत सीमा बंद झाल्या, तेव्हा सरकारच्या ध्यानात आलं की पेनिसिलीनचा कच्चा माल देशात बनतच नाही, आणि तो बनवणाऱ्यांसाठी अनुदानाची योजना काढली. सोखी हेच सांगून गेले होते.

पण पेनिसिलीनवर सगळा भार टाकून चालणार नाही, हेही लिहिलं पाहिजे. सुई रोगी माणसाला वाचवते. गटार, नळ आणि खिडकी असलेली खोली माणसाला रोगी होऊच देत नाही. पिंपरीत औषधाचा कारखाना आधी आला, सर्वांच्या घरी नळ मात्र यायचाच राहिला. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून आपले लोक इकडं आले. एमआयडीसीनं कारखान्यांना प्लॉट आखून दिले. कामगारांना कोणी आखून दिले नाहीत. ते नाल्याकडंला, रेल्वेकडंला, टेकाडाच्या उतारावर बसले. मग त्याच वस्तीला 'अतिक्रमण' म्हटलं आणि 'रोगराईचं केंद्र'ही म्हटलं.

पाण्याचा झगडाही इथं रक्ताचा आहे. पवना धरणाचं पाणी बंद पाइपातून शहराला आणायचं ठरलं. ९ ऑगस्ट २०११ ला मावळच्या शेतकऱ्यांनी बऊरजवळ रस्ता अडवला. पोलिसांनी गोळी चालवली. तीन शेतकरी मेले, त्यात एक बाई. शहराच्या नळात कोणाचं पाणी येतं आणि शहरात ते कोणाच्या नळाला येतं, हे दोन्ही आरोग्याचेच प्रश्न आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहराला दिवसाआड पाणी सुरू झालं. सोसायटीला दिवसाआड म्हणजे टाकी. वस्तीला दिवसाआड म्हणजे पिंप, आणि पिंपात डास. मग डेंग्यू. मग फलक : 'पाणी साठवून ठेवू नका.'

५

गाडगेबाबांचं नाव या विषयात टाळून पुढं जाता येत नाही. १८७६ ते १९५६. परीट घरात जन्म. बाबासाहेबांच्या पाठोपाठ चौदा दिवसांनी गेले. गावात शिरायचं, दिवसभर खराट्यानं गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडायची. कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका, नवसाला बकरं कापू नका, शिवाशिव पाळू नका, भांडी मोडा पण पोरांना शिकवा. मुंबईला दवाखान्यांजवळ रोग्यांच्या गोरगरीब नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधल्या. रोग्याचा माणूस जवळ राहिला तर रोगी जगतो, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

२००० सालापासून सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. गावांत संडास झाले, रस्ते झाडले गेले, हे खोटं नाही. पण सरकारनं बाबांचा खराटा घेतला, कीर्तन घेतलं नाही. बाबा खराटा स्वतः हातात घ्यायचे. त्यात एक प्रश्न होता : घाण तू केलीस, मग झाडायची दुसऱ्यानं का? सरकारी खराटा मात्र आजही जातीनं ठरलेल्या हातातच आहे.

मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला. २०१३ मध्ये दुसरा झाला. मार्च २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख केले. भरपाई वाढत गेली, याचाच अर्थ मरणं थांबली नाहीत. शहराचं आरोग्य राखणाऱ्या माणसाचं आरोग्य हा सार्वजनिक आरोग्याचा विषयच धरला गेला नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत काढली. त्यातल्या बहुतेक आपल्या, दुष्काळात आलेल्या. त्यांनी ओळखपत्र मागितलं, हातमोजे मागितले, विमा मागितला. 'स्वच्छता राखा' हे सांगायला त्यांच्याकडं कोणी यायची गरज नव्हती. शहरानं टाकलेलं त्याच उचलत होत्या.

६

एक उदाहरण असं आहे की जिथं हे सगळं एकत्र जमलं. नगर जिल्ह्यातलं जामखेड. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या नवराबायकोनं तिथं काम सुरू केलं. परदेशात शिकून आलेली माणसं. त्यांनी प्रत्येक गावातली एक बाई निवडली. बऱ्याच निरक्षर, कितीतरी दलित, टाकलेल्या, विधवा. त्यांना बाळंतपण, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी, लस, क्षयाची लक्षणं, कुष्ठरोग शिकवला. ज्या बाईला गावात कोणी दारात उभी करत नव्हतं तिच्या हातात पाटलाच्या सुनेचं बाळंतपण आलं.

दुष्काळात हापसे पाडायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते दलित वस्तीत पाडायला लावले, अशी नोंद आहे. पाणी पाहिजे तर गावानं वस्तीत यायचं. महाडमध्ये आपण पाण्याकडं गेलो होतो, इथं पाणी आपल्याकडं आलं आणि गाव मागं आलं. पोरांचं मरण कमी झालं, कुष्ठरोग्याला घरात घेऊ लागले. जगभरची माणसं बघायला आली. १९७८ मध्ये अल्मा आटा इथं जगानं 'सर्वांसाठी आरोग्य' म्हणून जो ठराव केला, त्याच्या आधी ज्या थोड्या ठिकाणचा दाखला दिला जात होता त्यात जामखेड होतं. आजची 'आशा' ताई ही त्याच कल्पनेची लेक. फक्त तिला पगार नाही, मानधन आहे. तेवढं मात्र सरकारनं आपल्याच पद्धतीनं केलं.

७

आता चाकण. माळावर गाड्यांचे कारखाने. आत रोबो, बाहेर ठेकेदार. कायम कामगार थोडे, कंत्राटी आणि शिकाऊ ढीगभर. प्रेसमध्ये बोट जातं ते बहुतेक कंत्राटी पोराचं. कारण सेन्सर काढला की नग जास्त निघतात. मग सुरक्षा सप्ताहात त्याच पोराकडून शपथ म्हणवून घेतात, मी सावधपणे काम करीन.

८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाज्या करणाऱ्या एका विनापरवाना कारखान्यात स्फोट झाला. आत रोजंदारीवर बाया होत्या. त्या जळून मेल्या. कोणाच्या तरी वाढदिवसाची ठिणगी. त्यांना आरोग्याच्या कुठल्या सवयी शिकवल्या असत्या म्हणजे त्या वाचल्या असत्या? त्यांना पाहिजे होतं बाहेर पडायचं दुसरं दार, आणि कारखाना तपासायला येणारा माणूस. म्हणजे पुन्हा धोरण. पुन्हा जागा.

म्हणून मित्रांनो, एक करा. वस्तीत नाहीतर गेटावर आरोग्याची गाडी येईल. ताई फलक दाखवेल, पत्रक वाटेल. ताईवर चिडू नका, ती आपल्यातलीच आहे. पत्रक घ्या, वाचा, हात धुवा, पोरांना लस द्या. लस आपल्या पोराला वाचवते, तिथं शंका नको. पण गाडीसोबत साहेब आला असेल तर त्याला पाच प्रश्न विचारा. नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ? गटारात उतरणाऱ्याचं नाव मस्टरवर आहे का? आमच्या कारखान्यात तपासनीस शेवटचा कधी आला? ईएसआयच्या दवाखान्यात डॉक्टर आणि औषध आहे का? आणि हे सगळं ठरतं त्या मीटिंगला आमच्या वस्तीची बाई कधी बोलावणार?

उत्तर लगेच मिळणार नाही. महाडला दहा वर्षं लागली. पण प्रश्न वहीत तारीख घालून लिहून ठेवा. उद्या कोणी आपल्या वस्तीच्या आरोग्याचा इतिहास लिहायला बसला, तर निदान यावेळी त्याला आपण घाणीच्या खात्यात सापडणार नाही.